सेलखालची पट्टी

प्रिय ठमे,

तुझे कपडे भरायला कपाट उघडलं, तर मोज्यांच्या खणात थर्मामीटर सापडला. नवा आणला तेव्हा त्याच्या सेलखाली प्लास्टिकची पातळ पट्टी होती. ती ओढून काढल्याशिवाय तो सुरूच होत नाही. पट्टी अजून तिथेच आहे. मी होते तिथेच जमिनीवर बसले.

दारावरचा तक्ता मीच चिकटवला होता, आमच्या वॉर्डात असतो तसा. मी साथीच्या रुग्णांतून घरी येणार, म्हणून तू आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. तुझं जेवण दाराबाहेर स्टुलावर. सकाळ-संध्याकाळ ताप लिहायचा, शेवटच्या रकान्यात तक्रार. एकशे बारा दिवस तू लिहिलंस. ९८.२, ९८.४, ९७.९. किती विचार करून लिहिलेस गं ते आकडे! रोज एकच असता तर मला संशय आला असता. तक्रारीखाली रोज 'नाही'. मी ते वाचायचे आणि निवांत आंघोळीला जायचे. वॉर्डातल्या पोरींना टोमणाही मारला होता, माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीकडून शिका म्हणून. नव्या नर्सला मीच सांगते, आधी पेशंटचं तोंड बघ, मग कागद.

ताटं अर्धी परत येत होती. तुझी शाळा लॅपटॉपवर चालायची, पण तुझा आवाज महिनाभर ऐकू आला नव्हता. मला वाटलं, गुणी पोर, त्रास देत नाही.

एकदाच तू ९९.४ लिहिलंस. त्या दिवशी मी पाच वेळा दाराशी आले. खोकला आहे का, वास येतो का, गोळी घेतलीस का. तू आतून म्हणालीस, "आई, जरा बस ना तिथेच." मी म्हटलं, "ड्यूटी आहे बाळा, संध्याकाळी परत मोज." संध्याकाळी ९८.४. माझा जीव भांड्यात पडला.

एकशे तेराव्या दिवशी रकाना कोरा होता. हाका मारल्या, दार उघडेना. शेजारच्या सुतारकाकांनी कडी तोडली. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, डोळे उघडे. मी पहिल्यांदा काय केलं असेल? कपाळाला हात लावून ताप बघितला. मावशीला फोनवर हे सांगितलं, तर म्हणाली, "नर्सबाई, तुम्हाला तेवढंच येतं."

तुला दाखल केलंय त्या हॉस्पिटलातल्या सिस्टर सांगतात, तू थोडं खातेस, पण काहीही विचारलं की 'नाही' म्हणतेस. साथीमुळे मला वर सोडत नाहीत, फोन तू घेत नाहीस. चिठ्ठी पोचवतो म्हणाले. मी रजा घेतली आहे. तुझ्या खिडकीतून फाटकाजवळचा हिरवा बाक दिसतो, मी विचारून घेतलं. उद्यापासून रोज दहा ते पाच मी तिथे असेन. तू हात हलवायला नको, बघायलाही नको. त्या दिवशी तू बस म्हणाली होतीस, म्हणून बसणार आहे.

तुझीच,
बाकावरची आई