आईचं पहिलं ‘नको’

प्रिय अण्णा,

पाहुण्यांना कोल्हापूर दाखवायचं काम या घरात कायम तुमच्याकडे होतं. तुम्हाला जाऊन वर्ष झालं, आणि ते काम आता पहिल्यांदाच माझ्याकडे आलं आहे. सुरुवातीलाच मी एक चूक केली. ती दुरुस्तही केली. तरी तुम्हाला कळवायला हवं, म्हणून लिहिते आहे.

पाहुणी आई आहे.

हसू नका. तुमच्या फाउंड्रीत परगावाहून कुणी आलं की तुम्ही त्यांना व्हॅनमध्ये घालून अंबाबाई, नवा राजवाडा, पन्हाळा असं एका दमात फिरवायचात. एकदा पन्हाळ्यावर हाताचा पंजा दिसेना इतकं धुकं होतं. पुण्याच्या साहेबांनी विचारलं, “इथून काय दिसतं?” तुम्ही म्हणालात, “आज धुकं दिसतंय की. रोज कुठं दिसतंय?” मी मागच्या सीटवर होते. आई कुठे होती? घरी, नारळाचं दूध काढत. तुम्ही गडावरून उतरेपर्यंत पांढरा रस्सा तयार हवा असायचा.

गेल्या आठवड्यात मी घरी आले तेव्हा तिला सहज विचारलं, पन्हाळ्यावर तुला कुठली जागा आवडते? ती भांडी लावता लावता म्हणाली, “मी कवा गेलोय? जोतिबाला जाताना लांबनं बघितलाय.”

तीस वर्षांच्या संसारात व्हॅनमध्ये तिच्यासाठी एकदाही जागा झाली नाही?

मी लगेच शनिवार-रविवारचा बेत आखला. सकाळी राजवाड्यातलं संग्रहालय, दुपारी पन्हाळा, रात्री तिथेच लॉजवर मुक्काम. दरीकडची खोली ठरवूनही टाकली. तुम्ही एका दिवसात पाच ठिकाणं कोंबायचात, मी दोन दिवसांत दोनच ठेवली. पुलांची डिझाइनं करताना मी भाराचा अंदाज कधी चुकवत नाही, इथेही चुकवला नव्हता.

“आई, जाऊया?”

“नको गं. कोल्हापुरात घर असताना लॉजवर झोपायचं? लोकं हसतील.”

मी “बरं” म्हणाले आणि तिथेच उभ्या उभ्या खोली रद्द केली. नको म्हणजे नको, असं मी धरते. ऑफिसात याचा उपयोग होतो.

मी पुण्याला परतले. बुधवारी तिचा फोन आला. “शनिवारी किती वाजता निघायचं?”

“कुठे?”

“कुठं म्हंजे? पन्हाळ्याला. दूधवाल्याला दोन दिवस येऊ नको म्हणून सांगितलंय.”

“तू नको म्हणाली होतीस.”

“म्हणणारच की. पैल्यांदाच व्हय कोण म्हणतंय? तुझं अण्णा पावण्यानं तीनदा न्हाई म्हटलं तरी ताटात भाकरी टाकायचं. तू एकदा इचारलंस आन् ताटच उचललंस.”

मी लॉजवर फोन केला. दरीकडची खोली गेली होती, मागच्या बाजूची मिळाली. तिला परत फोन करून सांगितलं, खिडकीतून फक्त पार्किंग दिसेल.

“दिसू दे की. सकाळचा च्या कोणतरी आणून देणार न्हवं?”

फोन ठेवण्यापूर्वी मी तिला आणखी एक गोष्ट विचारली. आपल्या घरात असलं कुणी विचारत नाही, पण विचारलं. अण्णांनी तुला कधी चल म्हटलं नाही का?

“म्हटलंतं की,” ती म्हणाली. “एकदा.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पण मला वाटलं, हे तुमच्यापर्यंत पोहोचायला हवं. अनोळखी पाहुण्यापुढे तुम्ही हात जोडून उभे राहायचात, जेवल्याशिवाय जाऊ द्यायचा नाहीत. आणि जिच्या जिवावर हे सगळं चाललं होतं, तिचं पहिलंच ‘नको’ तुम्ही खरं मानलंत. माझ्यात हे कुठून आलं, ते त्या दिवशी कळलं. बाकी सगळे म्हणतात मी आईवर गेले आहे.

आज मी घरी पोहोचले, उद्या सकाळी आम्ही निघतो. मी गाडी सावकाश चालवेन, आणि कुठे किती वेळ थांबायचं ते ती ठरवेल.

एक शब्द देते. आग्रह करणं मला जमत नाही, पण मी शिकेन. पाऊस उघडल्यावर राधानगरीला जायचा विषय मी तिच्याकडे काढला आहे. ती दोनदा नको म्हणाली. आज जेवताना पुन्हा विचारणार आहे.

तुमची,
मृणाल