आतल्या बाजूच्या फळ्या

शनिवार, ४ फेब्रुवारी

जाळायचं नाही! आज सणाच्या समितीसमोर उभी राहून म्हटलं. आवाज चिरकला, पण म्हटलं.

अख्खा हिवाळा बाबा आणि त्यांची टोळी शेडमध्ये गलबत बांधतात. ड्रॅगनचं डोकं, रंगीत ढाली, खवल्यांची शेपटी. आणि सणाच्या रात्री आम्ही सगळे वायकिंग, म्हणजे आमचे दर्यावर्दी पूर्वज, होऊन ते खाडीत लोटतो आणि मशाली फेकून जाळतो. यंदाचं तर इतकं देखणं झालंय की जाळवणार नाही. संग्रहालयाच्या बाई दारातून बघून गेल्या. म्हणाल्या, हे आम्हाला द्या. सांभाळायला माणूस लागेल. ऑस्ला, तू येशील?

मी! इतिहासाची पदवी घेऊन परत आले तेव्हापासून खोक्यांत साल्मन भरतेय. घरातली पहिली पदवीधर, आणि केसांना माशांचा वास.

यंदाचा यार्ल, म्हणजे सणाचा सरदार, गिब्बीकाका. वर्षभर वाढवलेली दाढी कुरवाळत म्हणाला, "पूर्वजांनी जाळलं, आपण जाळतो."

मी म्हटलं, "पूर्वजांनी नाही, काका. हे तुमच्या आजोबांनी सुरू केलं."

असं बोलायचं नसतं, हे बोलून झाल्यावर कळलं.

शेवटी ठरलं — ज्यानं बांधलं त्यानं सांगावं. म्हणजे बाबांनी. बाबांनी टोपी काढली, परत घातली. "बघू," म्हणाले.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

बाबा अजून बघतायत.

शनिवार, ११ फेब्रुवारी

हसून हसून बरगड्या दुखतायत!

संग्रहालयाला मापं हवी होती, म्हणून शेडमध्ये शिरले. खरं तर सणाआधी टोळीशिवाय तिथे कुणी जायचं नाही, असा दंडक आहे. का, ते आज कळलं. तळाची एक फळी उचलली, तर आतल्या बाजूला लिहिलेलं! बाजूच्या फळीवरही. सगळीकडे! जे घरी बोलता येत नाही, ते हे लोक फळीला सांगतात. कारण फळी जळणार.

"नावेत पाय ठेवला की मला ओकारी येते. — गिब्बी." आमचा यार्ल! समुद्राचा राजा!

"किर्स्टीच्या सूपला चव नसते. लग्नापासून मुकाट संपवतोय. — विली."

आणखी एक, ते मी इथेही लिहिणार नाही.

मग शेपटीजवळ बाबांचं अक्षर. "ऑस्ला शिकायला गेली तेव्हा मी" — पुढचं आडव्या दांड्याखाली. दांडा नुसता सरकवायचा होता. हात पुढे केला. मागे घेतला. बाकीच्यांचं दात काढून वाचलं, आणि बाबांचं वाचताना चोरी केल्यासारखं वाटलं. बाहेर आले.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

मी आत गेले होते हे टोळीला कळलंय. गावात आता माझ्याइतकी लाडकी मुलगी नाही!

सकाळी दारात हॅडॉक माशांची पिशवी, गिब्बीकाकाकडून. दुपारी तो स्वतः हजर. "पोरी, कुठपर्यंत वाचलंस?"

"पुढच्या टोकापासून सुरुवात केली, काका."

त्याचं लेखन पुढच्या टोकालाच आहे. चेहरा कणकेसारखा पांढरा पडला.

संध्याकाळी किर्स्टीमावशीकडे जेवायला. सुकवलेल्या मटणाचं सूप. विलीकाका समोर. मी मुद्दाम म्हटलं, "मावशी, काय चव आहे! काका नशीबवान!" त्याला ठसका लागला. मावशीनं पाठीत धपाटे घालून वर आणखी एक वाटी वाढली. मी म्हटलं, "अजून थोडं वाढा ना त्यांना!"

घाबरवायला पदवी लागत नाही. नुसतं गोड हसायचं.

आईला सांगितलं. ती नाही हसली. म्हणाली, "फळीवर तरी बोलतात गं हे. तेही बंद करशील."

शनिवार, १८ फेब्रुवारी

टोळी रंधे घेऊन आत शिरलीय. गलबत संग्रहालयात गेलं तर फळ्या कोऱ्या हव्यात. एरवी शेडमधून गाणी ऐकू येतात, शिव्या ऐकू येतात. आज नुसतं खरखर, खरखर. विलीकाका शाळेत शिक्षा झाल्यासारखा उकिडवा बसलेला.

"झालं का समाधान, पंडितबाई?" गिब्बीकाका म्हणाला. चिडून नाही. त्यामुळे जास्त लागलं.

बाबा एका कोपऱ्यात ड्रॅगनचा डोळा रंगवत होते. त्यांनी स्वतःच्या फळीला हातही लावला नाही. सगळ्यांसमोर तिथे जाऊन घासायची लाज वाटत असणार. मला खाली बघवेना, वर बघवेना.

रविवार, १९ फेब्रुवारी

हवीय मला ती नोकरी. खूप हवीय. हे एकदा लिहून ठेवते.

बुधवार, २२ फेब्रुवारी

बाबांच्या तोंडून हो-नाही येईपर्यंत थांबलेच नाही. संग्रहालयाच्या बाईंना फोन केला — गलबत मिळणार नाही. त्या म्हणाल्या, मग त्या जागेचंही कठीण आहे. मी म्हटलं, कळतंय मला.

मग तडक शेडमध्ये गेले. "जाळा! आणि पुन्हा लिहा काय लिहायचं ते. मी आत पाऊल टाकणार नाही."

मग विलीकाकानं रंधा भिरकावला आणि पेन्सिल शोधायला लागला! गिब्बीकाकानं मला उचलून गोल फिरवलं. दाढी भयंकर टोचते.

बाबा तेवढे उठले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. "नक्की?" विचारलं.

"नक्की."

"बरं," म्हणाले, आणि ब्रश धुवायला बाहेर गेले. किती वेळ धुतात एक ब्रश! सुटले बिचारे, असं वाटलं मला.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी — सण!

धक्क्यावर सकाळी टवाळीचा फलक लागला. दर वर्षी गावातल्या कुणाची ना कुणाची उडवतात. यंदा वर ठळक अक्षरांत मी: "विद्यापीठानं ऑस्लाला वायकिंग शिकवले. वायकिंगांना ऑस्ला कुणी शिकवायची?" लोक वाचतात आणि माझ्या पाठीवर थाप मारतात. पाठ दुखतेय. मजा येतेय.

अंधार पडल्यावर मिरवणूक. गारा, वारा, डांबराचा वास. गलबत खाडीत लोटलं आणि गिब्बीकाकानं, शिरस्त्राणाला पंख, पण पाय पक्के जमिनीवर, पहिली मशाल माझ्या हातात दिली. "घे पोरी. तुझा मान."

सगळी ताकद लावून फेकली. बरोबर शेपटीत! धडाधड पेटलं. मी नाचले. बाबांना मिठी मारली. त्यांचे डोळे धुरानं लाल झाले होते.

रविवार, २६ फेब्रुवारी

आईनं आज सांगितलं. मी फोन करायच्या दोन दिवस आधी, सोमवारीच, बाबांनी गिब्बीकाकाला होकार दिला होता. गलबत संग्रहालयाला द्यायचं, पोरीला नोकरी मिळू दे. फक्त एकच अट. शेपटीजवळच्या फळीला कुणी रंधा लावायचा नाही.

"म्हणाले, तोंडानं मला जमायचं नाही. तिथे कामाला लागली की एक दिवस दांडा सरकवून वाचेल ती."

बाबा शेडमध्ये एकटे झाडू मारतायत. बूट चढवलेत. जाते. आज तोंडानं सांगायलाच लावते!