तेरा पूर्णांक चार सेकंद

मी, वय वर्षे बावन्न, एकवीस वर्षे शाळेत खेळाची शिक्षिका आणि क्रीडास्पर्धांची समन्वयक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. हृदय कमजोर आहे, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर सामानासह धाकट्या बहिणीला. भिंतींना तिने हवा तो रंग द्यावा. या खेपेला मी नाक मुरडणार नाही. बँकेतील ठेवी तिच्या मुलीला. त्या कशासाठी वापरल्या, हे तिला कुणी विचारू नये.

२. माझी शिट्टी गणिताच्या सरांना. "जरा पोर्शन राहिलाय हो," म्हणत त्यांनी अकरा वर्षे माझे खेळाचे तास घेतले. आता एक तास त्यांनी उन्हात उभं राहून घ्यावा.

३. (सोमवारी लिहिलेले कलम. रद्द.) कपाटातील पाकीट माझ्या पश्चात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला द्यावे, असे मी लिहिले होते. ती आता बसवर कंडक्टर आहे. तेरा वर्षांची असताना निवड चाचणीत ती शंभर मीटर तेरा पूर्णांक चार सेकंदांत धावली, पहिली आली. जिल्ह्याच्या स्पर्धेची यादी पाचच्या आत पोचवायची होती. बेचाळीस नावं उतरवताना तिचं नाव माझ्याकडून सुटलं, आणि ते कबूल करायची माझी छाती झाली नाही. "पहिली आलीस खरी, पण जिल्ह्यासाठी ही वेळ पुरत नाही," असं मी तिला सांगितलं आणि नोंदवहीत चौदा पूर्णांक तीन लिहिलं. वेळेची मूळ चिठ्ठी मात्र फाडवली नाही. पाकिटात तीच आहे.

तिची आई मुद्दाम भेटायला आली होती. "बरं झालं मॅडम, खरं सांगितलंत. पोरीला उगाच आशा लावली नाहीत." मी त्या बाईंना चहा पाजला. मुलगी पुन्हा मैदानावर आली नाही. आजही तिची बस दिसली की मी मागच्या बसची वाट बघते.

मंगळवारी शिपाईमामा साक्षीदार म्हणून सहीला आले. मैदानावर चुन्याच्या रेघा तेच आखायचे. हे कलम वाचून त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मॅडम, मग तिने भांडायचं कुणाशी? तुमच्या फोटोशी?"

म्हणून काल मी डेपोत गेले. चिठ्ठी तिच्या हातात दिली, सगळं सांगितलं. तिने आकडा मोठ्याने वाचला.

"आई गेली हो मॅडम. शेवटपर्यंत तिला वाटायचं, पोरगी कमी पडली." मग म्हणाली, "अजून किती जणींचं असं केलंत?"

"फक्त तुझं."

"हे तरी खरं कशावरून?"

तिची बस सुटायची वेळ झाली, ती गेली. तिने मला माफ केलं, असं कुणी समजू नये.

४. एकवीस वर्षांच्या नोंदवह्या आणि वेळेच्या चिठ्ठ्या माझ्या मालमत्तेत धरू नयेत. उद्या सकाळी मी स्वतः त्या तिच्या पुढ्यात नेऊन ठेवणार आहे. तिने एकेक आकडा ताडून पाहावा. आणखी कुणाचं नाव निघालं, तर त्या मुलीच्या दारात मला उभं करायचा अधिकार तिला आहे, आणि मी येईन.

कुणाच्याही दबावाखाली नव्हे (शिपाईमामा सोडून), वाचून, समजून सही केली.

सही: समन्वयक
साक्षीदार: १. शिपाईमामा २. डॉक्टरीणबाई
स्थळ: राहते घर, दुसरा मजला
दिनांक: १४ नोव्हेंबर, शुक्रवार