कोरं कपाळ

१२ जानेवारी
पांडुरंगाच्या कृपेनं काम लागलं. औरंगपुऱ्यात कपड्याच्या दुकानावरच्या मजल्यावर शाइस्ताबाईंचं फोटोंचं प्रदर्शन आहे. झाडझूड करायची, दारात बसायचं. हे गाडीवर सोडतात, रिक्षाचा खर्च नाही. आत अंधार, गोलाकार टांगलेले झिरझिरीत पडदे, प्रत्येकावर माणसाएवढी एक बाई. मधे उभं राहिलं की सगळ्या आपल्याकडंच बघतात. शाइस्ताबाई म्हणाल्या, मावशी, घरच्यांनी ह्यांना कोंडलं, चारचौघांत येऊ दिलं नाय, तरी एक मोडली नाय. आता कुणी बघितल्याशिवाय सुटायचा नाय! दोघी लई हसलो.

१४ जानेवारी
संक्रांत. फोटोंतल्या ह्या बायांना तरी वाण कोण देणार, म्हणून करंडा घेऊन गेले. कुणी नसताना पडद्यांवरच्या सवाष्णींना हळदीकुंकू लावलं. लासूरच्या नौशीनपुढं तिळगूळ ठेवला. देवगाव रंगारीच्या लक्ष्मीबाई विधवा. नवरा गेल्यावर दिरांनी माजघरात डांबलं होतं. त्यांना तेवढं वगळलं. रीतच आहे. वळले तर मागं कापड हललं. पंखा बंद होता.

१५ जानेवारी
घरून कुंकू लावून निघाले होते. शाइस्ताबाईंनी विचारलं, मावशी, आज कपाळ कोरं कसं? पुन्हा लावलं. दुपारी पुन्हा कोरं. जीव उडाला. ह्यांना फोन केला. म्हणाले, ठणठणीत आहे, तू काय मला मारायला निघालीस? मी देवीला ओटीचा नवस बोलले.

१६ जानेवारी, दुपार
लक्ष्मीबाई पुढं सरकल्यात. पावलं पडद्याच्या काठाला. कपाळावर कुंकू — मी लावलेलं नाही.
शाइस्ताबाईंनी माझ्या मांडीवर पिशवी ठेवली, जसं स्टूल रिकामंच. मी हाक मारली. त्या खाली दुकानदाराला ओरडून सांगत होत्या, मावशी आज आल्याच नाहीत.

संध्याकाळ
चुकले म्हणायला, कुंकू लावायला गेले. लक्ष्मीबाईंचा पडदा रिकामा. नुसतं पांढरं कापड.
बाहेरून कुलूप पडलं. दार बडवलं — आवाजच होत नाही.
लिहितेय म्हणजे मी आहे.
खाली गाडीचा हॉर्न. हे आले. खिडकीतून हात हलवते आहे.
ह्यांनी विचारलं, दमलीस का गं. कुणीतरी म्हणालं, व्हय. माझ्याच आवाजात.
ती मागं बसली, कपाळावर लक्ष्मीबाईंचं ते कुंकू. ह्यांच्या खांद्यावर हात —
तिनं वर बघितलं. एकटीनंच.
अहो, वर बघा, मी इथं — एवढ्या गर्दीत एक जण तरी मान वर करून