ओट्याची व्युत्पत्ती

ती. अक्का यांस,

तुमच्या धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (कंबर धरलीय, म्हणून जरा कमीच वाकून). तुमचे गुडघे काय म्हणतात? मी मजेत. डाव्या हाताला पट्टी आहे, पण लिहितो उजव्यानं, तेव्हा काळजी नसावी.

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत सध्या 'ओ' चाललाय आणि 'ओटा' माझ्या वाट्याला आलाय. सोपा शब्द म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे ढकलला (तुमची बहीण गेल्यापासून मला सोपंच काम देतात, आणि ते मला कळत नाही असं त्यांना वाटतं). अर्थ दोन: घरापुढची बांधलेली, उंच बसायची जागा, आणि स्वयंपाकघरात उभ्यानं काम करायचा कट्टा. व्युत्पत्तीवरून मात्र दोघे सहकारी हमरीतुमरीवर आले. एकाच्या मते शब्द दक्षिणेकडून वर आला, दुसऱ्याच्या मते संस्कृतातून खाली उतरला. आठवडाभर अबोला आहे. डबा मात्र एकाच टेबलावर खातात. मी आठ ओळींच्या जागी तीन पानं लिहिली. आमच्या संपादकांनी (आम्ही त्यांना कात्री म्हणतो) दुसऱ्या अर्थाखालचं माझं उदाहरण खोडलं: 'आज मीठ जास्त पडलंय, मुकाट्यानं जेवा, असं ती ओट्याशी उभी राहून म्हणाली.' शेजारी शेरा: उदाहरण खाजगी आहे. खाजगी! तेवीस वर्षं ऐकलेलं वाक्य आहे हो ते.

आमच्या घरातल्या ओट्याची व्युत्पत्ती मला पक्की ठाऊक आहे. गवंड्यानं तुमच्या बहिणीला भिंतीशी उभं केलं, कोपराखाली चार बोटं सोडून पेन्सिलीनं रेघ मारली आणि तेवढा ओटा बांधला. तुम्ही दोघी बहिणी चांगल्या उंच, मी हा असा बुटका. पण मला विचारतंय कोण? मी तिथं कशाला फिरकणार होतो! आता पाटावर चढून चहा करतो. बुधवारी पाट सरकला आणि मी, पातेलं आणि उकळतं दूध असे तिघं एकदम खाली आलो. लेकीनं आकांडतांडव केलं. सोमवारी गवंडी येऊन ओटा वीतभर खाली घेणार आहे. लेकीचं चुकतंय असं नाही. पण अक्का, मला ते नकोय. तिथं कोण उभं राहायचं, हे सांगणारं घरात तेवढंच उरलंय.

बाकी सगळं ठीक, म्हणजे आहे तसं. घरात सगळ्यांना माझी आठवण सांगा.

आपला,
मेहुणा

ता. क. लेक तुमचं ऐकते. ओट्याला हात लावू नकोस, असं तिला फोनवर सांगाल का? मी सांगितलं म्हणून सांगू नका.

आणखी एक ता. क. नका सांगू. तिचंच बरोबर आहे, आणि हात अजून फार दुखतो. होऊ दे ओटा खाली. फक्त सोमवारच्या आत एकदा घरी या. काम काही नाही. चहा करत असल्यासारखं थोडा वेळ ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहा. मी टेबलाशी पेपर वाचत बसेन. वर बघणारसुद्धा नाही.