सुमनची परीक्षा

मंगळवार, संध्याकाळ

आज पुन्हा दोन अंडी उकडली. सुमन म्हणाली, "आत्या, आता कशाला?" धावायच्या सरावासाठी दादानं ही पोर माझ्याकडं ठेवली, त्याला दोन वर्षं झाली. हात सवयीनं अंडी उकडतात.

हृदयाचा स्नायू जाड झालाय, धावणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी सांगून तीन आठवडे झाले. तेव्हापासून ती कॉलेजातून येते आणि भिंतीकडं तोंड करून पडते. मी समजावून समजावून थकले. तिला समजावते की स्वतःलाच, कुणास ठाऊक.

सहा वाजता पैठणहून दादाचा फोन आला. "पळणं बंद झालं, मग संभाजीनगरात राहून काय करती? रविवारी न्यायला येतो. एक स्थळ बी आलंय."

मी म्हटलं, "दादा, तिची परीक्षा हाय. आत्ता नाय पाठवणार."

कसली परीक्षा, हे त्यानं विचारलं नाही म्हणून वाचले.

फोन ठेवला तर सुमन दारात उभी. अंडी ताटलीत तशीच.

"कसली परीक्षा गं आत्या?"

"कसलीच नाय. खोटं बोलले."

ती आत येऊन माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "मग रविवारच्या आत कसला तरी फॉर्म भरावा लागंल."

कसला, ते तिलाही ठाऊक नाही. दिवसभर वर्गात उभं राहून माझे पाय भरून आलेत, आणि उद्या अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर कॉलेजात चौकशीला यायचं कबूल करून बसलेय.