पुजाने घेतलेलं नाव

हट्टा
२१ एप्रिल २०२५

चि. सौ. मंजुषास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोन सोडून पत्र काहून, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे एक. दुसरं, हे माझ्या नातीबद्दल, पुजाबद्दल आहे, आणि ती दिवसभर माझ्या पदराला धरून असते. तिच्या कानावर जायला नको.

पुजा बोलायची थांबली आहे. चार वर्षांची पोर, हळदीला हदळ म्हणणारी, ट्रॅक्टरला टॅकतल म्हणणारी. लोडशेडिंगला ती लाडूशेडिंग म्हणायची आणि दिवे गेले की ताटली घेऊन बसायची. मी प्रत्येक शब्द दुरुस्त करत होते, ती प्रत्येक शब्द पुन्हा मोडत होती. आता घरात दुरुस्त करायला काही उरलं नाही.

झालं ते कनेरगाव नाक्याच्या लग्नात. माझ्या जावेच्या, चतुराबाईच्या संगिताचं लग्न. तू ताप काढत बसलीस म्हणून तुझं यायचं चुकलं. बायकांनी नवरीला नाव घ्यायला लावलं, तेव्हा आमची पुजाही मला नाव येतं म्हणून पुढे झाली. तिच्या आजोबांनी शेतात फिरवताना शिकवलेला, त्यांच्याच नावाचा उखाणा. कुणीतरी तिला खुर्चीवर उभं करून माइक हातात दिला. तिने खणखणीत आवाजात घेतलं:

हत्त्याच्या लानात पिकली हदळ, नलशिंगलावांना चा लागतो जदल.

मांडव कोसळायचा बाकी राहिला. हसले ते हसले, वर आणखी एकदा म्हण गं बाई, म्हणून मोबाइल काढले. पुन्हा, पुन्हा. मी गर्दीतून पोचेपर्यंत तिचा चेहरा उतरला होता. खाली उतरली ती माझ्या मागे लपली. तेव्हापासून पाणी हवं असलं तरी माठाकडे बोट दाखवते.

सपना आई आहे, ती रडते. नांदेडच्या डॉक्टरला दाखवू म्हणते. विजयकुमार बाप आहे, तो दोघींची समजूत घालतो. मी पोरीला लाडवाचं आमिष दाखवलं, एकदा रागावलेही. उपयोग शून्य. तुझं डोकं अशा गोष्टींत चालतं, म्हणून लिहिलं. उत्तर लवकर दे, आणि तब्येतीला जप.

तुझी,
साधनाताई


हिंगोली
२८ एप्रिल २०२५

ती. सौ. साधनाताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि आधी हसले, मग वाईट वाटलं. म्हणजे मीही त्या मांडवातलीच.

ताई, आई सांगायची ते तुला आठवतं का? तू पुजाएवढी असताना गावात तहसीलदार येणार होते. तू ऐकलंस तशीच डाळ. मग रुसून बसलीस की कालची तशीच डाळ मी खाणार नाही. घर हसून लोळलं असतं. पण आबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि जेवता जेवता गंभीरपणे सांगितलं की तशीच डाळ सिद्धेश्वरला धरण बघायला गेले, आज आपल्याकडे येत नाहीत. मग तू जेवलीस. आबा होते तोवर आपल्या घरी तहसीलदाराला दुसरं नावच नव्हतं. मी शाळेत निबंधात तसंच लिहिलं आणि छडी खाल्ली, ती तुझ्यामुळे!

आता खरं बोलते, रागावू नकोस. तू बी.ए. झालेली, ग्रामपंचायतीत भांडणारी बाई. पण भाऊजींचं नाव तू आजवर घेतलेलं नाहीस. तुझ्या लग्नात सगळ्या बायका अडून बसल्या तर तू चक्कर आल्याचं सोंग केलंस. जनगणनेचे मास्तर आले तर शेजारणीकडून वदवलंस. पुजाने भरल्या मांडवात जे केलं ते तुला चाळीस वर्षांत जमलं नाही. तिला बोल म्हणू नकोस. एकदा तूच तिच्यासमोर नाव घेऊन बघ, म्हणजे कळेल खुर्चीवर कसं वाटतं.

भाऊजींना नमस्कार, पुजीला गोड पापा. मोठ्या बहिणीने धाकटीचा आगाऊपणा पोटात घालावा.

तुझी,
मंजू


हट्टा
७ मे २०२५

चि. सौ. मंजुषास आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा राग आला. दोन दिवस ते कपाटात ठेवलं. आज दुपारी मी अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होते आणि पुजा काठी घेऊन कावळे हाकत होती. घरात कुणी नव्हतं. विचार केला, नाव घेऊन उरकून टाकावं.

उखाण्याची पहिली ओळ नीट म्हटली. दुसऱ्या ओळीला तोंड उघडलं आणि नावच येईना. न म्हटलं की पुढे जीभ अडे. पुन्हा न, पुन्हा तेच. मंजू, समोर चार वर्षांची पोर आणि दोन कावळे, एवढाच काय तो मांडव; तरी घाम फुटला.

पुजाने काठी खाली ठेवली. जवळ येऊन माझी हनुवटी धरली आणि म्हणाली की आजी, भिऊ नको, नलशिंगलाव म्हन.

मी म्हटलं. तिने म्हटलं तस्संच, ल लावून. दुरुस्त केलं नाही.

तेवढ्यात गोठ्यामागून ओ आली. हे तिथे वैरण कापत होते, मला काय माहीत! विळा घेऊन समोर येऊन उभे, आणि काहून बलावलं म्हणून विचारून राहिले. मी कुरडयांवरून नजर काढली नाही. पुजाच ओरडली की आजीला येत न्हाई, मी शिकवून लाहिले.

तिचा आवाज ऐकून यांचे डोळे भरले. मग मिशीत हसून मला म्हणाले, एकदा अजून घ्या की.

पुजा मध्ये उभी राहिली आणि आजोबांना तिने बजावलं की पुन्ना न्हाई म्हनायचं.

ते बरं म्हणाले आणि गोठ्यात गेले.

सपनाचा डॉक्टर रद्द झाला आहे. कुरडया सुकल्या की विजयकुमारबरोबर पाठवते. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
साधनाताई